गौरम्मांच्या रायफलीवरचा मुकुट

२ जानेवारी, गुरुवार
संकल्प: 'लष्करी रायफलींवरील खुणा' हे पुस्तक यंदा संपवणे. मुखपृष्ठ तयार आहे. कॉलेजच्या एन.सी.सी. स्टोअरमध्ये एकतीस वर्षं रायफली मोजल्या. या विषयात सोलापुरात माझ्याएवढा अधिकार कुणाचा नाही. 'जुन्या रायफलींवरच्या खुणा वाचून मिळतील' ही वाचनालयात लावलेली चिठ्ठी अखेर कुणीतरी वाचली. मागच्या गल्लीतल्या गौरम्मांचा फोन. सासरे बसप्पा यांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेली रायफल भिंतीवर आहे. नळी बुजवलेली, कागद रीतसर. मॉडेल कोणतं, एवढंच हवंय.
तासाभराचं काम.

९ जानेवारी, गुरुवार, दु. ४
थ्री-नॉट-थ्री. बोल्टच्या मागच्या पट्टीवर खुणा. वर झिजलेला मुकुट, म्हणजे ब्रिटिश. आज एवढंच वाचलं. एका खेपेला एकच खूण, ही शास्त्रीय पद्धत. बाई 'सर' म्हणतात. मी स्टोअरकीपर होतो, हे सांगायला वेळ मिळाला नाही. चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी. घरी आल्यावर रेडिओ लावला नाही. गरज वाटली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
सगळं गाव गड्ड्याच्या जत्रेत, मी संशोधनात. साल: एक, नऊ, मग पुसट, मग तीन. १९४३ ठरवलं. लढाईशी जुळतं. अजून पाच-सहा आठवडे लागतील म्हणालो. घाई नाही, म्हणाल्या. सासऱ्यांचं विचारलं, तर गेलेल्या नवऱ्याचं सांगत बसल्या. मीही आमच्या हिच्याविषयी बोललो. ती गेल्यापासून प्रथमच. हे संशोधनातच धरतो.

१९ जानेवारी, रविवार
मुलीला, प्रियदर्शनीला, पुण्याला फोन. कन्सल्टन्सी जोरात आहे म्हणालो. ती मीटिंगमध्ये होती.

२३ जानेवारी, गुरुवार
गौरम्मांची सून अंकिता, एरवी नोकरीवर असते, आज घरी. मी भिंगातून मुकुट दाखवत होतो. तिनं मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. म्हणाली, काका, हे तर नोटेवरचे सिंह आहेत.
सिंहच. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची. साल १९६३. लढाई संपून अठरा वर्षं.
बाईंना धक्का बसेल म्हणून शब्द जुळवू लागलो. त्या चहा गाळत म्हणाल्या, सासरे रेल्वेत होते. लढाई कुटली, कुर्डुवाडीच्या पुढं गेले न्हाईत. रायफल कवायतीची, मोडीत निघालेली. घरात सगळ्यांना ठाऊक हाय.
मग मला का बोलावलं?
"चिठ्ठी वाचली. वाटलं, माणूस एकटा असंल. दिवसभर मी बी एकटीच की." मग म्हणाल्या, "गुरुवारी चहाला येत जावा."
वाचायला काही नसताना कसं यायचं, हे विचारायचं राहिलं.

३० जानेवारी, गुरुवार
कामाशिवाय कुणाकडे जाणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय आज फार बिझी होतो. तीनला इस्त्रीचा शर्ट घातला. साडेतीनला चप्पल. चारला त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, परत आलो. साडेपाचला त्यांचा फोन. चहा दोनदा केला म्हणाल्या. एका महत्त्वाच्या रायफलीसाठी टेंभुर्णीला आलोय, असं सांगितलं. बरं, सावकाश या, म्हणाल्या.
त्यांच्या गच्चीवरून माझी खिडकी दिसते. टेंभुर्णीची एसटी आठला येते, म्हणून आठपर्यंत दिवा लावला नाही.