बिंतची टिंबं

अण्णा, तुम्ही रंगवलेल्या बोर्डावरचं एखादं नाव चुकलं की तुम्हाला त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. म्हणून हे तुम्हालाच सांगायला बसले आहे. आईला सांगितलं असतं तर तिने "जाऊ दे गो" म्हणून विषय मिटवला असता. तुम्ही मिटवला नसता.

मी आता इथे ओमानमध्येच, मदिनत सुलतान काबूसमधल्या एका शाळेच्या लायब्ररीत काम करते. तिथे माझ्याबरोबर एक आयरिश बाई आहेत, साठीच्या, उन्हाने नाक कायम लाल झालेल्या. गेल्या महिन्यात त्यांनी लायब्ररीच्या भिंतीवर आडनावांचं प्रदर्शन लावलं आणि पहिलं कार्ड स्वतःचं लिहिलं. त्यांच्याकडे मॅक म्हणजे मुलगा आणि ओ म्हणजे नातू, म्हणजे त्या वंशातला कोणीही. ओ'ब्रायन म्हणजे कुणा ब्रायनच्या वंशातले. पुढे इंग्रजांच्या राज्यात पुष्कळांचे ओ आणि मॅक गळून गेले. काहींच्या आडनावाचं तर सरळ भाषांतरच झालं. ह्या बाईंचे पूर्वज मॅक गावन, म्हणजे लोहाराचा मुलगा. कागदावर ते झाले स्मिथ. आजोबा स्मिथ म्हणून जगले आणि स्मिथ म्हणूनच गेले. वडिलांनी मात्र हट्टाने मॅक परत लावला. मी विचारलं, असा परत लावता येतो? त्या म्हणाल्या, येतो की, फक्त काही लोकांनी घाईत चुकीचा लावला, मूळचा मॅक होता तिथे ओ लावून बसले. ह्यावर त्या इतक्या हसल्या की मला तुमची आठवण झाली. दुसऱ्याच्या बोर्डावरची चूक दिसली की तुम्हीही असेच हसायचात. स्वतःच्या बोर्डावरची दिसली की मात्र नाही.

मग त्यांनी स्वतःच्या कार्डावर मॅक खोडून निक लिहिलं. त्यांच्या भाषेत मुलगी मॅक लावत नाही, कारण मॅक म्हणजे मुलगा. मुलीसाठी वेगळा शब्द आहे. निक गावन, लोहाराच्या मुलाची मुलगी. मी म्हटलं, म्हणजे इथल्या बिंतसारखं, अमक्याची मुलगी. त्या म्हणाल्या, अगदी तसंच, आता तुझं कार्ड लिही. मी लिहिलं: गावाचं नाव, त्याला कर. आमचं आडनाव माणूस सांगत नाही, गाव सांगतं, असंही खाली लिहिलं. माहेरच्या एका गावातून मी सासरच्या दुसऱ्या गावात गेले, एवढंच. त्यांनी माझं पूर्ण नाव वाचलं आणि मधल्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे तुझे वडील का? नाही, हा नवरा. मग वडील कुठे आहेत? मी म्हटलं, लग्नाआधी तिथेच होते.

तेव्हापासून मला रुस्ताकचा तो बोर्ड आठवतो आहे. मी दहा वर्षांची आहे. वादी कबीरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये टर्पेंटाइनचा वास आहे आणि तुम्ही अर्बाबने, आपल्या ओमानी मालकाने, लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून अरबी अक्षरं पत्र्यावर उतरवता आहात. सुरुवातीला तुम्हाला ती वाचता येत नव्हती, चित्र काढावं तशी काढायचात. नंतर बोर्ड रंगवता रंगवताच शिकलात. बिन म्हणजे मुलगा; अमका बिन तमका बिन फलाणा, अशी लांबच लांब नावं असायची. "एक बिन गाळलंस तर एक पिढी मारलंस," तुम्ही म्हणायचात. अक्षरं तुमची आणि टिंबं माझी, अशी शुक्रवारच्या सुट्टीची वाटणी. रुस्ताकच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, एका म्हाताऱ्या बाईच्या कापडाच्या दुकानाचा बोर्ड होता. तिला नवऱ्याचं नाव नको होतं. स्वतःचं नाव, पुढे बिंत आणि बापाचं नाव. बिंतची टिंबं सोपी आहेत. पहिल्या अक्षराखाली एक, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर दोन. मी दुसऱ्याचं एक टिंब वर द्यायचं ते दोन करून खाली दिलं.

आपण पिकअपमधून बोर्ड घेऊन रुस्ताकला गेलो. म्हातारीने डोळे बारीक करून वाचला आणि ओढणी तोंडाला लावून हसत सुटली. तुम्ही वाचलात आणि तुमचा चेहरा उतरला. ते बिंत राहिलं नव्हतं, बैत झालं होतं. मुलगी नाही, घर. "अगो, चेडवाचा घर केलंस!" तुम्ही सगळ्या सूकसमोर ओरडलात. मला रडूच फुटलं. म्हातारीने मला जवळ घेऊन खजूर दिला आणि तुम्हाला तिच्या हिंदीत दटावलं, "बच्ची को मत डाँटो. गलती ठीक करो, खलास." तुम्ही तिथेच रस्त्यावर बसून टिंबं पुसलीत. कॉफी पिताना तुम्ही भीतभीत विचारलंत, की नवऱ्याचं नाव का नको? तिला प्रश्नच कळेना. "शोहर तो बदल सकता है. बाप कैसे बदलेगा?" परतताना तुम्ही सबंध वाटेत ते वाक्य घोळवत होतात आणि हसत होतात.

आणि तरीही माझ्या लग्नात तुम्हीच पाटी रंगवून दिलीत. माझं नवं नाव, नवऱ्याचं नाव, नवं आडनाव, देवनागरीत, निळ्यावर पांढरं. इतकी सुंदर अक्षरं तुम्ही दुसऱ्या कुणासाठी काढली नसतील. तुमच्याच हाताने तुम्ही त्यातून स्वतःला गाळलंत आणि तुमच्याही ते लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. आपल्यात असंच असतं, एवढंच दोघांना ठाऊक होतं. मग लग्नानंतर पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा तिथल्या क्लार्कने माझी तीन नावं पाहिली आणि सवयीने कार्डावर दुसऱ्या नावाआधी बिंत घातलं आणि तसंच मोठ्याने पुकारलं. मी नवऱ्याची मुलगी झाले. घरात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली, तुमचे जावई तर लाजून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. अरबी नीट वाचता येणारे घरात तुम्ही एकटेच. तुम्ही कार्ड हातात घेतलंत, पुष्कळ वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "टिंबां बरोबर आसत." आणि कार्ड परत दिलंत. तुम्हाला वाईट वाटलं होतं का हो, अण्णा? मी तेव्हा विचारलं नाही.

ह्या हिवाळ्यात तुमच्या नातीचं लग्न आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती चार वर्षांची होती. काल जेवताना ती म्हणाली, "आई, मी नाव चेंज नाही करणार. पप्पांचंच ठेवणार. तुझ्यासारखं मला नाही व्हायला पाहिजे." मी विचारलं, माझ्यासारखं म्हणजे कसं? "म्हणजे, आजोबा आयसीयूत होते आणि तुझ्या कार्डवर पप्पांचं नाव होतं, म्हणून तुला आत नाही सोडलं. आणि मग ही वॉज गॉन. तूच सांगितलंस ना?" मी हो म्हटलं. आईला, नवऱ्याला, गावाला, सगळ्यांना मी हेच सांगत आले आहे. नाव ठेवण्याचा तिचा निर्णय चांगलाच आहे आणि मला तो बदलायचा नाही. पण तो ज्या गोष्टीवर उभा आहे ती गोष्ट खरी नाही.

त्या दिवशी दुपारची वेळ होती. तुमच्या आयसीयूच्या दाराशी एक तरुण ओमानी गार्ड बसला होता, मांडीवर नावांची यादी घेऊन. मी धावतच आले होते. तो उभा राहिला आणि अगदी अदबीने विचारलं, "इंती बिंत मन?" तू कुणाची मुलगी? मी उत्तर दिलं. त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली आणि म्हणाला, ह्या नावाचा पेशंट इथे नाही, उख्ती, माझ्या बहिणी, खाली पुरुषांच्या वॉर्डात बघ. मी म्हणतच राहिले, माय फादर, माय फादर. तो बिचारा जिन्याकडे बोट दाखवत राहिला. मी खाली गेले. खालच्या काउंटरवरही तेच विचारलं आणि माझं तोंड पुन्हा तेच नाव सांगायला उघडलं, तेव्हा कुठे मला माझं बोलणं ऐकू आलं. जिना चढून परत आले तोवर नर्स बाहेर येऊन उभी होती. गार्डने काही न विचारता दार उघडलं.

आयरिश बाई परवा म्हणाल्या, की माझं कार्ड अजून अर्धंच आहे, पूर्ण करून दे. आज मी तुमचा बारीक ब्रश शोधून काढला. केस ताठ झालेत, तरी चालला. अरबीत माझं नाव लिहिलं, पुढे बिंत, पुढे तुमचं नाव. टिंबं तीनदा मोजली. हे पत्र मात्र इथेच राहील. लेकीच्या हाती लागलं तरी तिला मराठी वाचायला इतका वेळ लागतो, की दुसऱ्या पानापर्यंत ती येणार नाही. तिला तोंडाने सांगायचं धाडस मला अजून नाही.

अण्णा, दवाखान्याचं कार्ड त्या दिवशी माझ्या पर्समध्येच होतं. गार्डने ते मागितलंच नव्हतं. त्याने फक्त मला विचारलं, तू कुणाची मुलगी, आणि मी माझ्या तोंडाने नवऱ्याचं नाव सांगितलं.