पांढऱ्या पाटीचा जावई

भालकी

प्रिय अण्णा,

तुझा निरोप मिळाला. फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच ‘बरं बरं’ म्हणतोस आणि माझा राग अर्धाच राहतो. म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच.

उदगीरचं स्थळ बघायला निघालो तेव्हा गाडी तू पुण्यात बसून ठरवलीस. विचारलंस काय, तर भाडं किती कमी करणार. नंबराची पाटी पिवळी की पांढरी, हे विचारायला तुझी जीभ झडली होती का? पांढरी पाटी म्हणजे घरची गाडी. ती भाड्यानं द्यायची नसते, आणि वाटेत काही झालं की विमावाले हात वर करतात. महाराष्ट्रात जायचा परवाना नाही, जादा टायर गुळगुळीत. आई बाजारात वांगी घेतानासुद्धा चार उलटून बघते, आणि तू गाडी न बघता चार माणसं तिच्यात कोंबलीस. आई, अप्पा, मी. चौथा तो बिचारा ड्रायव्हर.

रेवणसिद्ध त्याचं नाव, कलबुर्गीकडचा, मराठी जेमतेम. महाराष्ट्राची हद्द जवळ आली तसा तो आईला म्हणाला, “केळिद्र अळिय अंत हेळ्री.” विचारलं तर अळिय म्हणून सांगा. घरची गाडी म्हटल्यावर चालवणाराही घरचाच पाहिजे ना. आता कानडीत बहिणीचा मुलगाही अळिय आणि जावईही अळिय. कुठला ते त्यानं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मुलाचे काका माणिकराव आम्हाला घर दाखवायला मोटरसायकल घेऊन हद्दीवरच उभे होते. तिथंच आरटीओच्या साहेबांनी गाडी अडवली. हा कोण, म्हणून विचारलं. अप्पा म्हणाले भाचा. त्याच दमात आई म्हणाली जावई. साहेबांनी मागं माझ्याकडं बघितलं, नवी साडी बघितली, आणि म्हणाले, “मग लेक हीच दिलीय व्हय?” माणिकराव हाकेच्या अंतरावर. त्यांनी मान वळवली ती परत सरळ केलीच नाही.

गाडी तिथंच अडकवून ठेवली. आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. अप्पांनी माणिकरावांना सगळं समजावलं, पण त्यांच्या घरून निरोप आला, आज नको. जे गाडीबद्दल खोटं बोलतात ते मुलीबद्दल काय काय झाकत असतील, असंही कुणी म्हणालं म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगू, त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. शेंगांच्या पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन आई एसटीनं परत आली.

तेव्हापासून ती बोलत नाही रे. आपल्याशी मराठी, भाजीवालीशी कानडी, कासारणीशी दखनी, एका दमात तिन्ही बोलणारी बाई. आता शेजारची अक्का काही विचारायला आली की आई आधी माझ्या तोंडाकडं बघते. “मला न्हाई कळत, तूच सांग,” म्हणते. हे मला बघवत नाही. स्थळ मोडलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

ते मोडलं नाही. अप्पांचं म्हणणं पटलं म्हणून माणिकरावांनी रविवारी परत बोलावलंय. आणि त्यावर तुझा निरोप, की दंड भरून सुटलेली तीच गाडी परत सांगितलीय, आणि आईला घरीच ठेवा, ती पुन्हा काहीतरी बोलून बसंल. अप्पांनी तो फोनवरचा निरोप स्वयंपाकघरातच मोठ्यानं लावला. आई भाकरी थापत होती. “व्हय, मी न्हाई येत,” एवढंच म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. खोटं बोलायची पाळी तू आणलीस आणि तोंड तिचं बंद करायलास? म्हणून हे पत्र. तुझी गाडी मी रद्द केली. इथल्या बसवप्रभूंची पिवळ्या पाटीची गाडी सांगितलीय, कागद स्वतः बघितले. माणिकरावांनाही फोन करून सांगितलं, आई असेल तरच मी येईन. ते म्हणाले, आईंनाच आधी आणा. पुढच्या सीटवर आई बसेल आणि कुणी काही विचारलं तर तीच बोलेल. तुला यायचं असेल तर ये. मागं बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
विजयश्री