गणपतीचा खिळा

कॅरी, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६

आमच्या गॅस स्टेशनच्या दुकानाला बिअरचं परमिट मिळालं एकदाचं. गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचा नियम. हे म्हणाले, "गल्ल्यामागे खिळा आहेच की." त्या खिळ्यावर गणपतीची तसबीर होती! ती उतरवून यांनी मागच्या खोलीत ठेवली. म्हणे, "बाप्पासमोर बिअर नको गं." म्हणजे हलवायचं बाप्पाला? आणि इतकी वर्षं सिगारेटी विकल्या त्या कुणासमोर? नुसत्या पेट्रोलवर भागत नाही, कळतं मलाही. पण दिवसभर नजर त्या खिळ्याकडेच. संध्याकाळी दिवे लावले आणि सवयीनं तिकडे वळून हात जोडले, डोळे मिटले. उघडले तर समोर परमिट. मागे वळले, तर बिअरचा सिक्स-पॅक घेऊन आलेला म्हातारा टोपी काढून, मान खाली घालून उभा.