दस्तीखालचा सौदा

६ नोव्हेंबर, हैद्राबाद

आज तीन गाड्या वढल्या. दोन दुचाक्या गपगुमान आल्या. तिसरा आटोवाला. हप्ते थकलेले, चावी मुठीत घट्ट धरून बसला. बायको मागं बसलेली, ती ओरडायली. माझा जोडीदार यादगिरीनं त्याला मागून आवळलं, मी मूठ उघडली. मूठ उघडायची तर आधी करंगळी. ती उलटी गेली की बाकीची बोटं आपोआप सुटतात. कुणी शिकवलं न्हाई, हे काम करता करता हातालाच कळलं. चावी काढताना त्यानं माझ्या दंडाला चावा घेतला. मी पण मग बघितलं न्हाई कुठं लागतंय ते.

यार्डात आटो लावला तवा बाही रक्तानं चिकटलेली. शेठ हसला. "सुई लगा लेना मियाँ, आदमी का काटा कुत्ते से बुरा रैता."

७ नोव्हें.

दंड टरटरून सुजला. तसाच बँकेत गेलो. सहा ऐंशी झाले. सहा लाख ऐंशी हजार. बस झालं.

नवीन गाडी घ्यायची, पिवळ्या पाटीची. गंगाखेड-परभणी सीट भरून चालवायची. पण हप्ता ठेवायचा न्हाई. एक रुपयाचा बी न्हाई. हप्त्याच्या गाडीमागं कोण येतं मला माहीत हाय. मीच येतो.

शेठला सांगितलं गावाकडं जायलोय, पंधरा दिवस. वापस येणार न्हाई हे सांगितलं न्हाई.

९ नोव्हें., पोखर्णी

रेल्वेत एकजण माझ्या सीटवर पाय टाकून बसला. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं न्हाई. नंतर सगळा डबा गप, मला चांगली ऐसपैस जागा.

घरी आलो. सुनी पाणी देताना माझ्या हाताकडं बघायली. पेरं सोललेली.

"वाटंत बी एक गाडी वढून आलात का?"

माय हसली. बायको असली तर अशी, म्हणली.

जेवताना सुनी म्हणली, गाडी आली अन् तुमी घरी राहिलात तर मी हितं राहते. पुन्हा हैद्राबादला गेलात तर मी माहेरी. रागात न्हाई म्हणली. भाकर थापत म्हणली. ते जास्त खरं वाटलं.

१० नोव्हें.

परभणी. शोरूम. काचेचं दार, आत थंडगार. एक पोरगं आलं, गळ्यात पट्टा, आधी माझी चप्पल बघितली मग मला. प्रथमेश नाव. गंगाखेडचाच, माझ्याच वयाचा. "सर, बजेट काय आपलं?"

सगळं धरून सात तीस. कमी किती? न्हाई सर, फिक्स. कामून? कंपनीचं असतं सर. लोन करा, बघू काहीतरी. लोन करायचं न्हाई. मग फिक्स सर.

हसत होता. दात पांढरे. मला फक्त दात दिसायले. समोर टेबलावर काचेचा जड गोळा होता कागद दाबायचा. मी तो हातात घेतला, वजन बघितलं, ठेवला, बाहेर आलो. बाहेरच्या खांबाला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळं पडलं.

सुनी: "बोलायला मामांना न्या. तुमी नुसतं उभं राहा. हात खिशात."

११ नोव्हें., पेडगाव

मामा. मायचा थोरला भाऊ. जनावराच्या बाजारात दलाल, माझ्या जन्माच्या आधीपासून. बैलाचा भाव मामा तोंडानं करत न्हाई. दोघांचे हात दस्तीखाली, खांद्यावरच्या रुमालाखाली, भाव बोटावर. भवती शंभर माणसं असू द्या, कुणाला पत्ता लागत न्हाई. एकदा बोटं दाबून हो झालं की झालं. मामानं केलेला सौदा फिरला, असं कुणी ऐकलं न्हाई.

सगळं सांगितलं. मामा बराच वेळ सुपारी कातरत बसला.

"मोटारीला दात नसतेत. वय कसं बघू?"

"मामा, नवीन हाय."

"नवीन तर समदेच म्हणतेत."

येतो म्हणला.

१३ नोव्हें.

मजा आली आज. मामा धोतर-टोपीत, खांद्यावर लाल दस्ती. शोरूमची फरशी बघून चपला दाराशी काढल्या. गाडीभवती तीन चकरा मारल्या. टायर दाबलं. बॉनेट उघडायला लावलं, वास घेतला. पाठीमागं जाऊन खाली वाकून बघितलं, जसं बैलाचे खूर बघतात.

"पुढून बरी हाय. मागं बसकी हाय."

प्रथमेश म्हणला, "आजोबा, डिझाईनच तसं आहे..."

"आजोबा दिसायलोय का तुला? मामा म्हण. दोन पैसे कमी करायला लाज वाटणार न्हाई."

सगळे हसले. मामानं त्याला समोर बसवलं, दस्ती हातावर टाकली. एक बोट म्हंजे दहा हजार कमी, एवढं सांगितलं अन् तोंड बंद. सगळी पोरं पोरी गोळा झाल्या, एकीनं मोबाईलवर घ्यायला सुरू केलं. मॅनेजर काचेच्या खोलीतून फोनवर बोलत बोलत बघत होता. त्यानं पण अंगठा वर केला.

मामाचं तोंड झोपल्यासारखं. दस्ती हलायली, थांबायली. प्रथमेश आधी खिदळत होता, मग गप झाला, मग मान हलवली. मामानं दस्ती झटकली अन् पंजा वर केला. पाच बोटं. पन्नास हजार कमी. बरोबर सहा ऐंशी!

मामानं तिथंच पाच हजार इसार ठेवला. "झाला सौदा."

आज कुणाला हात लावला न्हाई. खिशातच होते.

१४ नोव्हें.

मामा बाजारात सगळ्यांना सांगायलाय म्हणे, काचेच्या घरात दस्ती टाकली म्हणून. माय पण गल्लीत सांगायली. सुनीनं गाडीत लावायला लिंबू-मिरची आत्ताच वोवून ठेवली. वाळून जाईल की, म्हणलो. दुसरी वोवीन, म्हणली.

१६ नोव्हें.

झालं ते लिहितो. जसं झालं तसं.

चेक घेऊन गेलो, मामा संग. मॅनेजर म्हणला, पन्नासचं डिस्काउंट लोनवर आहे. एकरकमी देणाऱ्याला वीस. सिस्टीम घेतच नाही.

मामा म्हणला, "पोरानं पंजा दिलाय."

"गंमत म्हणून दिला असेल हो काका."

प्रथमेश मोबाईलमध्ये बघायलेला. "सॉरी मामा. मला वाटलं शेवटी लोन करतीलच. सगळे करतात."

"बोट दिल्यावर बाजारात माणूस फिरत न्हाई."

मॅनेजर हसला. "हा बाजार नाही ना."

मामाचं तोंड मी असं कधी बघितलं न्हाई. कुणीतरी भर चौकात टोपी काढून घेतल्यावानी. उठला. "चल भाच्या. इसार वापस घे. नांदेडला बघू."

माझ्या डोक्यात नुसतं तीस हजार. म्हंजे हप्ता घ्या, न्हाईतर पुन्हा हैद्राबाद, पुन्हा मुठी उघडा. अन् सुनी माहेरी. मी म्हणलो, मामा, दस्ती द्या. एकदा मी बघतो.

मामानं दिली. कामून दिली काय माहीत. प्रथमेशनं पण हात पुढं केला, त्याला वाटलं असेल राग गेला. हसला सुद्धा.

आधी करंगळी.

दस्ती हलली बी न्हाई. मी त्याच्या डोळ्यात बघत होतो, दोघं बी हसायलेलो. पलीकडं कुणाच्या तरी गाडीची पूजा चालू, गाणं मोठ्यानं लावलेलं, बाया फोटो काढायल्या. त्याच्या कपाळावर एसीत घाम आला. "भाऊ," म्हणला हळू. मी म्हणलो पंजा. "माझ्या हातात नाही भाऊ." मी म्हणलो हातातच हाय. आणखी मागं वाकवली. वरडला असता तर सोडलं असतं. का वरडला न्हाई? काडी मोडते तसं झालं. ऐकू न्हाई आलं, माझ्या हाताला कळलं.

"सर," त्यानं मॅनेजरला हाक मारली, आवाज बारीक, "उरलेले तीस माझ्या इन्सेंटिव्हमधून कट करा. द्या यांना."

"येडा झालास का?"

"द्या सर."

मॅनेजरनं सही केली. मी चेक दिला.

मामानं दस्ती उचलली. खाली प्रथमेशचा हात होता तो बघितला. दस्ती खांद्यावर टाकली न्हाई, घडी करून पिशवीत घातली. रस्त्यावर आल्यावर म्हणला, "मोडली का?"

"न्हाई."

"मला बोटं शिकवायलास?"

अन् पेडगावच्या एसटीत बसून गेला. मी संग येतो म्हणलो तर म्हणला, जागा न्हाई. अर्धी गाडी मोकळी होती.

१८ नोव्हें.

चूक काय? त्यानंच आधी पंजा दिला. दिलेलं मागं घेतलं त्यानं, मी नुसतं वापस आणलं. मामाचंच तर नाव राखलं.

गल्लीतलं कुत्रं सारखं भुंकायलंय. दगड मारला, बसला. तरी भुंकायलंय.

२४ नोव्हें.

पासिंग झालं, गाडी मिळाली. पांढरी, पाटी पिवळीजर्द. प्रथमेशच्या हाताला मोठं बँडेज. जिन्यावरून पडलो, असं सगळ्यांना सांगितलंय त्यानं. पुठ्ठ्याची मोठी चावी धरून फोटो काढतात, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं तो, डाव्या हातानं. पोरगी म्हणली, "स्माईल सर."

तो आवरायलेला तवा जवळ गेलो. दवाखान्याचे किती झाले विचारलं.

"राहू द्या सर. सौद्यात ते नव्हतं."

सर म्हणला. भाऊ न्हाई. तिथंच एक ठेवून द्यावी वाटली. त्याला का मला, माहीत न्हाई.

नरसिंहापुढं गाडी लावली, नारळ फोडलं, चाकाखाली लिंबं चिरडली. सुनी पुढं, माय मागं. माय काच खालीवर करून बघायली सारखी. सुनीनं हात बाहेर काढला वाऱ्यात. चांगला दिवस होता. चांगलाच होता.

२६ नोव्हें.

पेडगावला गाडी नेली मामाला दाखवायला. मामा गोठ्यात.

"बसा मामा, चक्कर मारून आणतो."

"कुणाच्या गाडीत?"

"आपल्याच."

"बाजारात मी सांगून टाकलं, सौदा मोडला म्हणून. मोडलेल्या सौद्याच्या गाडीत बसून कसं फिरू? लोकं विचारतेल."

"गाडी दारात उभी हाय मामा!"

"असू दे की. चोरीची जनावरं बी दारातच उभी असतेत."

दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर तिथंच पाडला असता. मामाला हात लावता येत न्हाई. अन् हात सोडून दुसरं काय करतात ते मला येत न्हाई. भाकर खाल्ली. मामी गाडी बघायला बाहेर आली, मामा न्हाई आला.

२८ नोव्हें.

गंगाखेड. नाक्यावर पहिला दिवस. तिथल्या ड्रायव्हरांचा नंबर असतो, मला काय माहीत. सीटा भरल्या अन् निघालो तर तिघं आडवे. एकानं बॉनेटवर बुक्की मारली. नव्या बॉनेटवर. मी डिकीतून चाक खोलायची टॉमी काढली. लोखंडाची, नवीकोरी, अजून तेल लागलेलं तिला. पहिला वार त्यानं चुकवला म्हणून वाचला, आरसा त्याच्या गाडीचा गेला. दुसरा खांद्यावर बसला. तिघं बी पळाले.

मागं वळून बघतो तर गाडी रिकामी. सगळे पॅसेंजर उतरून लांब उभे. एक म्हातारी म्हणायली, "नको बाई ह्याच्या गाडीत, ह्यो मारील कुठं तरी नेऊन."

रिकामाच आलो. सुनीनं विचारलं किती झाले. सांगितलं. टॉमी धुवून ठेवली तिनं.

शेठचा फोन. "कब आरे मियाँ? पूरा शहर थकेला है, हाथ कम पड़रे यहाँ." कट केला.

३० नोव्हें.

नाक्यावर जाऊन आरशाचे पैसे दिले. माफी बी मागितली. तोंड वाकडं झालं मागताना. त्यांनी नंबर दिला. सकाळी साडेसातचा.

१ डिसेंबर

साडेसात. मागं चार भरले, पुढची एक बाकी. परभणी परभणी वरडायलो. गर्दीतून प्रथमेश आला. आधी गाडी बघितली, मग मला. वाटलं जाईल. गेला न्हाई. डाव्या हातानं दार उघडून पुढं बसला.

गाव सुटलं. मग मागची मावशी, भाजीची टोपली मांडीवर, "बाबा, हाताला काय झालं?"

"सौदा केला मावशी."

"कशाचा रे?"

"ह्याच गाडीचा."

मावशी हसली. "मग तूच मालक म्हण की."

"तीस हजाराचा हाय."

मागचे सगळे हसले. मी गिअर चुकवला, गाडी हिसका खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली. त्याचा हात मांडीवर, बँडेजमधून नुसतं करंगळीचं टोक बाहेर, काळंनिळं. नजर तिकडंच जायली. रस्त्यावर बघायचं तर तिकडंच.

परभणीला सगळे उतरले, तो मागं राहिला. डाव्या हातानं खिशातून पैसे काढायला लय वेळ लागला. मी म्हणलो राहू द्या.

"घ्या. गाडी तुमची हाय." समोर ठेवले.

मी म्हणलो, तीस हजार देतो. हळूहळू. धंदा बसला की.

"हप्त्यानं का?"

तो हसला न्हाई. म्हणला, बोटात तार टाकलीय, दोन महिने दुचाकीची रेस फिरवता येत न्हाई, एसटीचा टायमिंग जमत न्हाई. "रोज हीच गाडी बरी पडंल. उद्या साडेसातला. पुढची सीट धरून ठेवा."

अन् दार हळू लावलं. गाडी दाखवताना गिऱ्हाइकाला दाखवतात तसं.

वापस येताना सीटा भरल्या. चांगली कमाई. घरी आलो तर शेठचे दोन मिस्ड कॉल, एक मेसेज, म्हणतो पगार दीडपट करतो, उद्याच्या रेल्वेनं ये.

सुनी विचारायली, सकाळी किती वाजता निघणार, डबा करायचाय.

अजून सांगितलं न्हाई.