फ्यूज काढतो, जीव न्हाई

प्रिय सोपान,

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. परत परत ऐकला. आधी वाटलं, तू सावळेरामचं नाव सुरुवातीला घेशील. मग वाटलं, निदान शेवटी तरी. तुला माझ्याकडून दोन पानं लिहून हवीत. ती लिहीन की नाही, ते पुढे सांगतो. फोन करत नाही, कारण बोलायला लागलो की माझ्या तोंडातून शिव्या आधी येतात. कागदावर शिवी लिहायचा मात्र मला कंटाळा आहे.

जुन्नरच्या माझ्या दुकानात नंबरप्लेट रंगवत होतो आणि तू बोरीहून तणतणत आलास, आठवतं? विहिरीवरच्या मोटरीची केबल परत चोरीला गेली होती. तू म्हणालास, ‘परव्या, या चोरांना एखादा सुपरहिरोच पायजे.’ मी म्हटलं, परदेशातले सुपरहिरो उडतात, आपल्याकडे उडालेली फक्त लाईट असते. त्या हसण्यातून ‘थ्रीफेज भाऊ’ जन्माला आला. खांबावर शॉक लागून वाचलेला वायरमन, ज्याच्या बोटात थ्रीफेज आली. तुझ्या जुन्या रेनकोटावर मी पिवळी वीज रंगवली, तो घालून तू भाऊ झालास आणि मोबाईलवर शूटिंग सुरू झालं. भाऊंचं वाक्य माझं होतं: ‘फ्यूज काढतो, जीव न्हाई काढत.’ भाऊ बोट लावणार, चोराचे केस उभे राहणार, मग दोघं बांधावर बसून चहा पिणार आणि चोर केबल परत जोडून देणार. बस्स.

चोर कोण होणार, यावर सगळ्यांनी तोंडं फिरवली. शेवटी मांडववाला सावळेराम तयार झाला, तोही एका अटीवर. खरी पक्कड हातात घेणार नाही म्हणाला. ‘परवेजभाई, कुनी खरंच चोर समजंल राव.’ म्हणून मी आंब्याच्या पेटीच्या फळीतून पक्कड कोरली, चंदेरी रंग दिला, दांडे लाल केले. इतकी हुबेहूब झाली की तूच एकदा तिनं खिळा उपटायला गेलास आणि आम्ही लोळून हसलो.

लोक मात्र हसले नाहीत. ‘ह्यो कसला हिरो, चोराला च्या पाजतोय’, ‘भाऊ, उडवा त्याला’, ‘एकदा तरी डायरेक्ट द्या’. ओतूरच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं तुझा हात धरून सांगितलं, ‘पोलिसात दिला तर जामिनावर सुटतोय, मग तुमचा काय उपेग?’ त्या म्हाताऱ्याला मी हसणार नाही. ज्याची उभी टोमॅटोची बाग पाण्यावाचून वाळते, त्याला चहा पिणारा हिरो म्हणजे चेष्टाच वाटणार. पण मी तेव्हाही तुला म्हणालो होतो, लोकांना हिरोनं मारायला हवंय ते चोर मरावा म्हणून नाही. उद्या आपण कुणाला मारलं तर आपणही हिरोच, एवढं कबूल करून हवंय त्यांना. तू म्हणालास, ‘परव्या, तू फार शिकलास.’ मी बारावी नापास आहे, हे तुला माहीत आहे. म्हणून ते जास्त लागलं.

मग तो एपिसोड तू स्वतःच लिहिलास. भाऊ चोराला खांबाला टेकवतात आणि म्हणतात, ‘तू जामिनावर सुटशील, म्हणून निकाल हितंच लावतो.’ सावळेराम काय मेला रे! पाय झाडले, जीभ बाहेर काढली, पोरंसोरं शिट्ट्या मारत होती. लाखोंनी पाहिला. सत्कार झाले, फेटे बांधले गेले. फेटा बांधलेल्या माणसाला खालचं कमी दिसतं, हे मी सांगायला आलो नाही, दुकानात बसून राहिलो. सावळेरामला मात्र बाजारात कोणीही हाक मारायचं, ‘ए केबलचोर!’ तो हसायचा. त्याची बायको, प्रयागवहिनी, हसायच्या नाहीत.

आणि मग तू शेताभोवती तार ओढलीस. झटका मशीनची नव्हे, तिला हात लागला तर माणूस फक्त दचकतो. तू मोटरीच्या लाईनवरून डायरेक्ट घेतलीस. रात्रपाळीची लाईट होती, रात्री तार जिवंत, दिवसा मेलेली. तुझा हिशेब सरळ होता. त्या सोमवारी पाळी बदलून लाईट दिवसाची झाली. सगळ्या बोरीनं सकाळी मोटरी चालू केल्या. थ्रीफेज भाऊंना तेवढी थ्रीफेजची पाळी लक्षात राहिली नाही.

उसात बिबट्या आहे म्हणून हल्ली कोणी पाणंदीनं जात नाही. सावळेरामही तुझ्या बांधावरून आला आणि तारेला चिकटला. फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला: पालथा पडलेला सावळेराम आणि हाताजवळ पक्कड. खाली लोकांनी लिहिलं, ‘भाऊंनी खऱ्यात उडवला’, ‘कायदा जागेवर’. काहींनी तर तुझंच जामिनाचं वाक्य टाकलं. आता तू जामिनावर आहेस. त्यावर कोणी काही टाकलेलं मला दिसलं नाही.

प्रयागवहिनी काल दुकानात आल्या होत्या. स्टुलावर बसल्या, पाणी नको म्हणाल्या. ‘भाऊ, मानूस गेलं ते गेलं. पन पोरीच्या सासरी म्हनत्यात, तुझा बाप चोरी करताना मेला. त्येवढं पुसता येतंय का, तुमी पेंटर हाय.’

सोपान, तुझी दोन पानं मी लिहीत नाही. कॅमेऱ्यापुढे वाचून दाखवायला तुला माझी भाषा हवी आहे, ‘लोकं रडतील अशी’. त्यात लिहायचं काय, तर सावळेराम केबल कापायला आला होता, पक्कड घेऊन आला होता, आणि तू फक्त पीक राखत होतास. खरं तर त्याला त्या सकाळी नव्या एपिसोडसाठी तूच बोलावलं होतंस. फोन त्यानं माझ्या दुकानात उभं राहून घेतला, आणि खुंटीवरची पक्कड माझ्याच हातून नेली. ती कशाची आहे, हे आता जगात दोघांनाच ठाऊक आहे, एक मी आणि एक तू. पोलिसांनी ती कापडात बांधून सील केली आहे. येत्या सोमवारी मी जबाब द्यायला जातोय. माझ्या आधी तू खरं सांगायला गेलास, तर मी बाहेर बाकावर बसेन आणि एक शब्द बोलणार नाही. नाही गेलास, तर मी एवढंच सांगेन की एक बादली पाणी आणा, सील फोडा आणि ती पक्कड त्यात टाका. ती तरंगेल.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
परवेज