शेजारच्या नेलचं झोर्ख

ती. आशाताईस,

चंदूचा वाकून नमस्कार. (माझे गुडघे अजून वाकतात. तुझे कसे आहेत ते कळव.)

इथे जूनची थंडी आहे (इकडचे ऋतू उलटे). सकाळी ढग खाली उतरून आमच्या या फ्लॅट बुश उपनगरातल्या कुंपणांवर बसून राहतात. अक्षत कामावर जायला मोटरवेला लागला की घरात मी आणि बाहेर ते. विनया गेल्यापासून आम्ही बापलेकच; मीही तसाच, कुठे टेकलो की टेकलोच.

परवा त्या धुक्यातून शेजारची नेल (डच आहे, सत्तरीची, एकटी) कुंपणावरून म्हणाली की सध्या घरात नुसतं झोर्ख चाललंय. अर्थ विचारेपर्यंत ती आत गेलीसुद्धा. बागेत फिरायला जर्मन डीटर येतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "आमच्याकडे झोर्गे म्हणजे चिंता." त्याची बायको स्वीडनची. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडेही तसाच शब्द आहे. माणूस गेल्यावरचं दुःख." म्हणजे नेलकडे कुणीतरी गेलं होतं, आणि शेजारी असून मला पत्ता नव्हता.

मग मी पिठलं-भात केला (पिठल्यात गुठळ्या झाल्या, पण अशा वेळी कोण बघतं), पांढरा लेंगा-झब्बा घातला आणि तिच्याकडे जाऊन आपल्याकडे बसतात तसा गप्प बसलो. तिने आधी विचारलं, "ज्यूडोला निघालात का?" मग माझा चेहरा बघून तीही समोर बसली. काचेबाहेर धुकं हलत होतं. वेळ जात होता की तोही बसला होता, कळत नव्हतं. एवढ्यात आतून पायाला बँडेज बांधलेलं लठ्ठ मांजर लंगडत आलं आणि पिठलं हुंगू लागलं. झोर्ख ते हेच. डचमध्ये त्याचा अर्थ सांभाळणं, शुश्रूषा, तिनेच सांगितलं.

मी तिला सांगितलं, आमच्यात चिंता आणि सांभाळणं दोन्हीला मिळून एकच शब्द आहे, काळजी. करतो तीही आणि घेतो तीही.

"मग तुम्ही कुणाची घेत होता?" तिने विचारलं.

ताई, मी विनयाचं सगळं सांगितलं, शेवटच्या दिवसांतलं, तुलाही न सांगितलेलं. अर्धंअधिक मराठीतच. तिला काय कळलं कोण जाणे, पण मान हलवत तिने पिठलं गुठळ्यांसकट संपवलं. इथे माझ्याकडे बसायला कुणी आलं नव्हतं. मीच दुसरीकडे गेलो तेव्हा ते झालं.

घरी येऊन दुपारभर गाढ झोपलो. एकूण मजेत आहे.

तुझा,
चंदू

ता.क. अक्षतला यातलं काही बोलू नकोस. डोळे लाल दिसले ते त्याने सर्दीवर घातलंय.

आणखी ता.क. मजेत आहे ते रीत म्हणून लिहिलं. तू इकडे ये. व्हिसाचं अक्षत बघेल, पण त्याला सांगताना तू आपणहून येतेयस असं सांग.