प्रिन्स, तोंडावर बोट

कापडे, १४ डिसेंबर १९५८

चि. कमलाकर यास ताईचे आशीर्वाद.

माझी प्रकृती बरी आहे. तुझी कळव, आणि सौ. गोदावरीच्या खोकल्याला लवंग लागू पडली का तेही कळव. प्रकृतीचा विषय संपला. पत्र मिळताच ती वेताची टोपली घेऊन एस.टी.ने ये आणि तुझा प्रिन्स घेऊन जा. तो इथे राहिला तर जिवंत राहील असे मला वाटत नाही.

नव्या जागेचा मालक कुत्रा ठेवू देत नाही म्हणून तू तो माझ्याकडे सोडलास, तेव्हा "ताई, फार मऊ आहे गं" म्हणाला होतास. मऊ आहेत ते केस. (ते माझ्या ताकातही सापडतात.) स्वभावाने तो फौजदार आहे. मांजरापेक्षा थोडे मोठे अंग, कोल्ह्याचे तोंड, पाठीवर वळवून ठेवलेले शेपूट, आणि पान हलले तरी भुंकणे. ही जात माणसाला चिकटते म्हणतात ते खरे आहे. मी विहिरीवर गेले तरी तो दाराशी बसून सबंध आळीला माझी अनुपस्थिती कळवतो.

दिवाळीनंतर गावात बिबळ्या फिरू लागला. दोन शेळ्या गेल्या. गावकी बसली आणि महाडहून रावजी शिकाऱ्याचा पिंजरा आणायचे ठरले. आमिष म्हणून शेळी कोण देणार, असे विचारताच सगळे देवळाचे छत बघू लागले. मग शेळ्या पाळणारा भागोजी म्हणाला, वाघ येतो तो बाईंच्या कुत्र्याचे भुंकणे ऐकून, तर तेच पिंजऱ्यात ठेवावे. शेळी पोटापाण्याची आहे, कुत्रा हौसेचा आहे. पंचांनी माना डोलावल्या. (यातले तिघे माझ्या हाताखाली शिकले आहेत. तर्कशास्त्र मी शिकवले नव्हते.) गावकीचा शब्द मोडला तर पाणी बंद, हे तुला माहीत आहे.

पिंजरा यायला आठवडा होता. न भुंकणारे आमिष कुचकामी, एवढे मला समजले. कुत्र्याला गप्प करायचे तर आधी सांगितल्यावर भुंकायला शिकवावे लागते. "बोल" म्हटले की भुंकायचे, मी तोंडावर बोट ठेवले की थांबायचे, थांबला की खोबऱ्याचा तुकडा. मान्य करते, ही जात हुशार आहे. पहिलीच्या वर्गाला जे जूनपासून गणपतीपर्यंत जमत नाही, ते याला गुरुवारी जमले. मात्र खोबरे दिसले नाही तर तो आपल्याला काहीच ऐकू येत नसल्याचे दाखवतो.

पिंजरा भाताच्या खाचरात मांडला, संध्याकाळी प्रिन्सला आत ठेवले, आणि सगळा गाव बांधावर जमला. मी पदराआडून त्याला खोबरे दाखवत, तोंडावर बोट ठेवून उभी राहिले. बाया म्हणाल्या, बाई रडू दाबतायत. प्रिन्स माझ्याकडे बघत पुतळ्यासारखा बसला. रावजीने काठीने डिवचले, तरी हूं नाही. "ह्यो मुका हाय," रावजी म्हणाला. "ह्याला वाघ शोधनार कसा, पत्ता विचारून?" शेवटी भागोजीला स्वतःची शेळी द्यावी लागली. ती रात्रभर ओरडली. वाघ फिरकला नाही.

खरी अडचण काल झाली. दिवे लागायच्या सुमारास मी प्रिन्सला घेऊन शेजारच्या साळूबाईकडे दही आणायला निघाले. ती गोठ्यामागे ओणवी होऊन करडू सोडवत होती. एकदम प्रिन्सच्या मानेवरचे केस उभे राहिले. करवंदीच्या जाळीत दोन डोळे होते, साळूबाईपासून खाटेभर अंतरावर. प्रिन्सने माझ्याकडे पाहिले. तो परवानगी मागत होता. तो भुंकला तर उद्या पुन्हा पिंजऱ्यात, हे मला स्पष्ट दिसत होते. मी "बोल" म्हटले.

तो असा भुंकला की कशेडीच्या घाटातल्या ट्रकवाल्यांनी ब्रेक लावले असतील. साळूबाई करडासकट घरात शिरली, बिबळ्या वर रानात पळाला, आणि काठ्या घेऊन गाव धावत आला. सगळ्यांत पुढे भागोजी.

"म्हंजी ह्याला बोलता येतंय."

"येतं," मी म्हटले. "सांगितल्यावर."

तो तसाच पंचांच्या घराकडे वळला. आज गावकी पुन्हा बसली आहे. म्हणून लिहिते, लगेच निघ, तुझ्या घरमालकाचे पुढे बघू.

तुझी,
प्रमोदिनीताई

ता. क. पाकीट चिकटवणार तोच साळूबाई आली. गावकीत ती न बोलावता जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याला पिंजऱ्यात घालायचा आसंल तर आधी मला घाला. आन् माझ्यासंगं भागोजीला." ठराव बारगळला. संध्याकाळी प्रिन्सला गोठ्यांवरून फिरवायचे काम मला लावले आहे, विचारले कोणीही नाही.

ता. क. २. तुमच्या शेजाऱ्यांकडे याच जातीची मादी आहे, असे गोदावरीने लिहिले होते. पहिले पिल्लू साळूबाईने सांगून ठेवले आहे, दुसरे भागोजीने. तेव्हा प्रिन्स इथेच राहील; टोपली आण, पण रिकामी आणू नकोस, ती मादी चार दिवस मागून आण. तिला तिथे काही शिकवू नका. ते मी बघेन.